जुनापाणी येथील शिलावर्तुळे

महाराष्ट्रातील महापाषाण संस्कृतीच्या दफनस्मारकांचा एक प्रसिद्ध समूह. नागपूर शहराच्या पश्चिमेस काटोल मार्गावर सु. १० किमी. अंतरावर हे स्थळ असून तेथे सु. ३०० शिलावर्तुळांची नोंद झाली आहे. काही वर्तुळांतील दगडांवर वाटीच्या आकाराचे लहान खळगे कोरलेले आहेत. या खळग्यांना चषकचिन्हे म्हणतात व त्यांमुळेच हे स्थळ विशेष अभ्यासले गेले.

गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील त्याहून प्राचीन ताम्रपाषाणयुगीन लोक आपले मृत बहुधा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. नेवासे येथील उत्खननांत तोंडास तोंड लावून ठेवलेल्या कुंभांतील बालकांची दफने आढळली. मृतासाठी दगडी स्मारक उभारण्याची चाल विदर्भात लोहयुगात, म्हणजे इ. स. पू. पहिल्या सहस्रकात, ठळकपणे दिसते. दफनाच्या जागेभोवती मोठे दगड वर्तुळाकार मांडीत व आतील भाग माती आणि दगडगोट्यांनी भरून काढीत.

जुनापाणीचे शास्त्रीय महत्त्व प्रथम जे. एच्. रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने ओळखले. त्याने काही वर्तुळे खोदून १८७९ मध्ये त्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. तेथे सापडलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये तीन वर्तुळांचे उत्खनन केले. त्यांत काळी-तांबडी मृत्पात्रे, लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्याच्या लगामाची लोखंडी कडी मिळाली. पुढे शां. भा. देव प्रभृतींनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथे केलेल्या उत्खननांमुळे अश्वपालक व लोहकर्मात निपुण अशा या समाजाचे चित्र अधिक स्पष्ट झाले. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली.

चषकचिन्हे यूरोपातील दगडांवरही आढळतात. हे साम्य पाहून रिव्हेट-कारनॅकने दोन्ही प्रदेशांतील लोकांचा पूर्वसंबंध असावा, अशी कल्पना मांडली. ती आता ग्राह्य मानली जात नाही. आयर्लंडमधील बॉइन नदीच्या खोऱ्यातील न्यूग्रेंज हे कोरीव शिलांचे प्रसिद्ध थडगे इ. स. पू. सु. ३२०० मधील, म्हणजे जुनापाणीहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी प्राचीन आहे. त्याची रचनाही निराळी आहे. सु. ८५ मी. व्यासाच्या टेकाडात सु. १९ मी. लांबीची दगडी वाट असून ती दफनकक्षात उघडते. द्वारशिलेवर व इतर दगडांवर सर्पिल आकृती आहेत. प्रेक्षकास त्या वाटेने आत जाता येते. जुनापाणी येथे मात्र आत शिरण्यासारखे काही नाही, वर्तुळाभोवती फिरूनच ते पाहावे लागते.

तथापि एका बाबतीत न्यूग्रेंज जुनापाणीच्या अभ्यासकास उपयुक्त धडा देते. तेथील उत्खननकर्ते एम्. जे. ओकेली यांनी डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिणायनान्ताच्या सूर्योदयाचे किरण द्वारावरील झरोक्यातून दफनकक्षापर्यंत पोहोचताना पाहिले. दगड मूळ जागी असल्यामुळेच बांधणाऱ्यांचा हा हेतू पाच हजार वर्षांनंतर उमगला. जुनापाणीच्या चषकचिन्हांकित दगडांच्या दिशाही अलीकडे मोजण्यात आल्या असून त्या यादृच्छिक नसाव्यात व त्यांचा संबंध आकाशस्थ घटनांशी असावा, असे अनुमान काही संशोधकांनी केले आहे. ते अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

या अनुमानाची कसोटी दगडांच्या मूळ स्थानावरच अवलंबून आहे. हललेला दगड संग्रहालयात सुरक्षित राहील, त्यावरील खळगेही मोजता येतील. पण तो कोणत्या दिशेस होता, हे पुन्हा कळणार नाही. विदर्भातील अनेक शिलावर्तुळे शेतीचा विस्तार, मुरमाची खोदाई व बांधकामे यांमुळे नष्ट झाली आहेत. म्हणून येथे येणाऱ्याने एकही दगड न हलविणे हा केवळ शिष्टाचार नसून पुराव्याचे रक्षण होय.