नवा जन्म नेमका कधी होतो?

मुंबईतल्या चारकोपसारख्या वस्तीत ख्रिस्ती शेजारी एकाच पंथाचे असतील असं नाही. एक घर वसईकडचं कॅथलिक, दुसरं नगरकडून आलेलं प्रोटेस्टंट, तिसऱ्या खोलीत टाळ्या-गाण्यांची प्रार्थनासभा. कधीतरी जिन्यात कुणी विचारतं, "तुमचा नवा जन्म झालाय का?" विचारणाऱ्याच्या मनात एक असतं, ऐकणारा दुसरंच समजतो आणि मनं दुखावतात.

इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना हा मेल्यानंतरचा पुनर्जन्म वाटतो. तसा तो नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात रात्री येशूकडे आलेल्या निकदेमसाचीही अशीच गफलत झाली. म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार, असं त्यानं विचारलं. येशूनं उत्तरात पाणी आणि आत्मा यांच्यापासून होणाऱ्या जन्माबद्दल सांगितलं. त्यातलं 'पाणी' म्हणजे काय, यावर पंथापंथांत आजही मतभेद आहेत.

'कॅथलिक लोक नवा जन्म मानत नाहीत' हा गैरसमज प्रोटेस्टंट घरांत फार ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स शिकवणीनुसार पाणी म्हणजे स्नानसंस्काराचं, म्हणजे बाप्तिस्म्याचंच पाणी. तान्ह्या बाळाला त्या पाण्यानं बाप्तिस्मा दिला जातो तेव्हाच देव त्याला नवा जन्म देतो. प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरही बाप्तिस्म्याला नव्या जन्माचं स्नान मानत असे. बॅप्टिस्टांना हे पटत नाही. त्यांच्या मते आधी माणसानं स्वतः विश्वास ठेवायचा, मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. बाप्तिस्मा ही झालेल्या नव्या जन्माची साक्ष. दुसरा सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेत बाळांना बाप्तिस्मा देतात, पण आत्म्याचं काम त्या घटकेलाच होतं असं धरत नाहीत. मग 'नव्या जन्माची तारीख सांगता आली पाहिजे' हा आग्रह सगळ्या ख्रिस्ती जगाचा कसा म्हणायचा?

सगळ्यात त्रासदायक गैरसमज म्हणजे नवा जन्म आणि धर्मांतर एकच. 'नवा जन्म झालाय का?' हा प्रश्न बहुतेक वेळा आधीच ख्रिस्ती असलेल्यांनाच विचारला जातो. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा आणि लेक मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. १८५१ मध्ये कॉर्नवॉलच्या एका चर्चमध्ये स्वतःचंच प्रवचन देताना हॅस्लमचं मन पालटलं होतं, आणि उपासनेला बसलेल्यांतला एक जण 'आपल्या पाद्र्याचं परिवर्तन झालं!' असं ओरडला होता. पाळकालाच नवा जन्म हवा असेल तर आपलं काय, या विचारानं रमाबाई अस्वस्थ झाल्या. वाँटेजच्या मठातल्या अँग्लिकन भगिनींच्या दृष्टीनं रमाबाईंचा नवा जन्म १८८३ लाच झाला होता. रमाबाईंना तो १८९१ चा वाटला. मला यात कुणीच खोटं बोललेलं दिसत नाही. एका बाजूनं देवानं दिलेलं वचन पाहिलं, दुसरीनं ते मनाला भिडलेला दिवस.

पेंटेकोस्टल सभांबद्दलही एक गैरसमज आहे: अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेनं, न शिकलेल्या भाषा) बोलता आल्या नाहीत तर नवा जन्मच झाला नाही. काही गट असं शिकवतात, पण बहुतेक पेंटेकोस्टल चर्च नवा जन्म आणि पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हे दोन वेगळे अनुभव मानतात. याचाही धागा रमाबाईंच्या केडगाव इथल्या मुक्ती मिशनशी जुळतो. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी सुमारे सत्तर जणींचा प्रार्थनागट सुरू केला. जूनपर्यंत तो साडेपाचशेवर गेला. तिथल्या सहकारी मिनी अ‍ॅब्रम्स यांनी नोंदवलंय की जूनअखेरच्या एका पहाटे एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी तिच्यावर ओतायला पाण्याची बादली आणायला धावली. अ‍ॅब्रम्स यांचं पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याविषयीचं पुस्तक चिलीतल्या व्हॅल्पराइसोला पोचलं आणि तिथली १९०९ ची पेंटेकोस्टल चळवळ उभी राहायला त्याचा हातभार लागला. केडगावलाही मुली अन्यभाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी त्याला विरोध केला नाही, पण आत्म्याची खरी खूण म्हणून भाषांपेक्षा प्रेमाला महत्त्व दिलं. ही बाब आजच्या सभांमध्ये आवर्जून सांगितली पाहिजे.

उरला प्रश्न, इतकी वेगळी मतं घेऊन एकत्र उपासना होऊ शकते का? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते तसेच बॅप्टिस्टही होते. तिथं बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. कोणता निवडायचा, ते आईवडिलांनी आपल्या विवेकानं ठरवायचं.