नस वाचवायची तर आधी ती शोधा

कानाच्या ऑपरेशननंतर तोंड वाकडं होतं, हे खरं का? वाहत्या कानासाठी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की हा प्रश्न हमखास येतो. भीती निराधार नाही. डोळा मिटवणारी, ओठ हलवणारी नस कानाच्या हाडातल्याच एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याची लांबी सुमारे तीन सेंटीमीटर. इटलीच्या गाब्रिएले फालोप्पिओने 1561 मध्ये त्याचं वर्णन केलं. हे नाव आपल्याला स्त्रीच्या बीजवाहिन्यांमुळे ठाऊक असतं, पण कानाच्या रचनेवरचं त्याचं कामही तितकंच मोलाचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतले लुडविग श्टाके छिन्नीने हाड फोडताना नसेला ढाल म्हणून धातूचं वाकडं अवजार धरत. आजचा सर्जन मात्र नसेपासून पळत नाही, तो तिला शोधत जातो. धुक्यात घाट उतरणारा वाटाड्या ओळखीच्या कड्यांवरून दरी कुठे आहे ते ताडतो, तसंच हे. कानामागचं हाड ड्रिलने कोरत गेलं की आधी हस्तिदंतासारखा घट्ट, पिवळसर उंचवटा दिसतो. ती तोल सांभाळणारी आडवी अर्धवर्तुळाकार नलिका. शेजारीच मधल्या कानातल्या ऐरणीच्या हाडाचं आखूड टोक. नस या टोकाच्या आतल्या अंगाला, नलिकेच्या लगेच खाली असते आणि तिथूनच खाली वळते. पुढचं कोरणं नसेला समांतर, ड्रिलच्या हिरेजडित टोकाने, सतत पाणी सोडत, कारण ड्रिलची उष्णताही नसेला पोळते. हाडाचा पातळ पापुद्रा मुद्दाम ठेवतात, त्यातून नस अंधूक दिसते. इतक्या नाजूक जागेतली ही शिस्त मला विलक्षण वाटते!

नसेजवळ गेल्यावर इशारा देणाऱ्या मॉनिटरचा हल्ली बराच बोलबाला आहे. यंत्र उपयोगी आहे, पण स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर ते गप्प राहू शकतं. हाडांच्या खुणा पक्क्या ठाऊक असणं, याला ते पर्याय नव्हे.

पण या खुणाही कायमच्या नसतात. वाहत्या कानामागे कधीकधी असणारा कोलेस्टिॲटोमा हा आजार हाड कुरतडतो. ऐरणीचं हाड तर बऱ्याचदा नाहीसं होतं, कधी आडव्या नलिकेला भोक पडतं, कधी नसेवरचं कवचच उरत नाही. मग सर्जनला उरलेल्या खुणांवरून वाट काढावी लागते. म्हणून वाहता कान, विशेषतः घाण वास येणारा, अंगावर काढू नका. तो लवकर दाखवा.