हस्ते फोटिस कोंतोग्लू

ग्रीक भाषेत संतांची चित्रं काढण्याच्या कलेला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ ‘संत-लेखन’ असा होतो. ही चित्रं लिहिणारे जुने कारागीर आपलं नाव मिरवत नसत. फार तर कोपऱ्यात ‘अमक्याच्या हातून’ एवढंच लिहीत. विसाव्या शतकात हीच रीत पुन्हा धरली फोटिस कोंतोग्लू यांनी.

त्यांचा जन्म 1895 चा. गाव आयवाली, आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, लेस्बॉस बेटाच्या समोर. वडील लवकर गेले. मामा मठाधिपती होते, त्यांनीच पोराला वाढवलं. कोंतोग्लू हे आडनावही आजोळचंच. अथेन्सच्या कलाशाळेत थोडं शिकून ते पॅरिसला गेले. तिथे क्नुट हामसुनच्या ‘भूक’ या कादंबरीसाठी काढलेल्या चित्रांना बक्षीस मिळालं. पुढे ते गावी परतले, पण 1922 साली आयवालीतल्या ग्रीकांना घरदार सोडून पळावं लागलं. कोंतोग्लू निर्वासित झाले.

पुढच्याच वर्षी ते अॅथोस पर्वतावरच्या मठांत गेले आणि तिथली जुनी भित्तिचित्रं उतरवून घेऊ लागले. माझ्या मते त्यांचं खरं आयुष्य इथून सुरू होतं. गाव गेलं होतं. हाताला धरता येईल असं काही उरलं होतं, ते या भिंतींवर. त्या काळी ग्रीसमधल्या नव्या चर्चमध्ये जर्मन आणि इटालियन वळणाची गोडगुलाबी चित्रं काढली जात. मठांतल्या जुन्या चित्रांची बायझंटाईन पद्धत म्हणजे अडाण्यांचं काम, असा सुशिक्षितांचा समज होता. कोंतोग्लूंनी तो खोडून काढायला लेखणी आणि कुंचला दोन्ही चालवले.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी लाकडी फळीला सरस लावतात, त्यावर कापड चिकटवतात, मग सरस आणि खडूच्या पुडीचे थरांवर थर देऊन घासून गुळगुळीत करतात. प्रभावळीवर आणि पार्श्वभूमीवर सोन्याचा वर्ख बसतो. रंग म्हणजे माती आणि दगडांची पूड, अंड्याच्या बलकात कालवलेली. बलक टिकावा म्हणून त्यात थोडं व्हिनेगर. चेहरा सगळ्यात शेवटी. आधी पूर्ण चेहऱ्यावर काळपट हिरवा हात फिरवायचा. मग पिवळ्या मातीचा एक थर, त्याहून उजळ दुसरा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान जागेत. अखेरीस डोळ्यांखाली, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याच्या केसाएवढ्या रेघा. बाहेरून पडणाऱ्या उजेडाची सावली या चेहऱ्यावर नसते. उजेड आतूनच वर येतो. इथे घाई चालत नाही, कारण खालचा काळोख नीट बसला नसेल तर वरचा उजेड खोटा दिसतो.

1932 मध्ये कोंतोग्लूंनी अथेन्समधल्या आपल्या घराच्या भिंती ओल्या गिलाव्यावर रंगवल्या. मदतीला यानिस त्सारुखिस आणि निकोस एंगोनोपूलोस हे तरुण शिष्य होते. पुढे दोघेही ग्रीक आधुनिक चित्रकलेतली मोठी नावं झाले. मग युद्ध आलं, जर्मन ताबा आला, उपासमार आली. हे घर त्यांना पिठाच्या मोबदल्यात विकावं लागलं, असं सांगितलं जातं. नव्या मालकांनी चित्रांवर चुना फासला. ‘भूक’ रंगवून नाव मिळवलेल्या माणसाचं घर भुकेनंच नेलं, हे वाचताना माझ्या घशात आवंढा येतो. पुढे ती चित्रं भिंतीवरून सोडवून राष्ट्रीय चित्रदालनात जपली गेली.

पाश्चात्त्य धार्मिक चित्रकलेविषयी ते फार कडवट बोलत. रेनेसाँमधल्या चित्रकारांवर त्यांनी अन्याय केला, असं मला वाटतं. पण तेवढा हट्टी माणूस नसता तर ही विद्या पोथीतच राहिली असती. 1960 साली त्यांनी आयकॉन-चित्रणाचा, म्हणजे याच संत-लेखनाचा, दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रंग कसे कालवायचे इथपासून कोणत्या संताची दाढी कशी, इथपर्यंत सारं आहे. अथेन्स अकादमीनं त्याला पारितोषिक दिलं. 1965 मध्ये कोंतोग्लू वारले.

अथेन्सला जाणं झालं तर एर्मू रस्त्यावरच्या गजबजाटात मधोमध उभ्या असलेल्या कापनिकारेया या अकराव्या शतकातल्या चर्चमध्ये शिरा. आतली भित्तिचित्रं त्यांची आणि त्यांच्या शिष्यांची आहेत. आत अंधार आहे. डोळे सरावेपर्यंत थांबा.