चुन्याचे वजन कोठे जाते?

भट्टीत 100 किलो शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली, तर हाती केवळ 56 किलो कळीचा चुना लागतो. उरलेले 44 किलो अग्नीने नष्ट केले, असे पाहणारास वाटणे साहजिक आहे. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने तराजूच्या साहाय्याने याचा छडा लावला. चुनखडी तापविली असता तीतून एक वायू निघून जातो व घटलेले वजन त्या वायूचेच असते, असे त्याने 1756 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. हाच आजचा कार्बन डायऑक्साइड होय. पुढे 1789 साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने आपल्या ग्रंथात सर्वच रासायनिक क्रियांना लागू पडणारा नियम मांडला : क्रियेपूर्वी जितके द्रव्य, तितकेच क्रियेनंतर.

चुन्याचा हिशेब मात्र भट्टीपाशी संपत नाही. 56 किलो कळीचा चुना 18 किलो पाणी घेऊन 74 किलो विरी गेलेला चुना होतो. तो हवेत उघडा राहिला, म्हणजे गमावलेला 44 किलो वायू हळूहळू परत घेतो, 18 किलो पाणी सोडतो आणि पुनश्च 100 किलो चुनखडी बनतो. गिलावा कठीण होतो तो यामुळेच. गवंड्याच्या हा लाभाचा व्यवहार, बागाईतदाराच्या तोट्याचा.

द्राक्षावरील केवड्यासारख्या रोगांसाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण करताना 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 100 लिटर पाणी घेण्याचा प्रघात आहे. मोरचुदातील सर्व तांबे बांधून टाकण्यास वस्तुतः पाव किलोहूनही कमी शुद्ध कळीचा चुना पुरतो. बाकीचा चुना बाजारातील मालाच्या अशुद्धतेची भरपाई म्हणून असतो. परंतु पोते महिनोन् महिने उघडे पडले असेल, तर ही भरपाईही अपुरी पडू शकते. अशा वेळी तांबे मोकळे राहते आणि औषधानेच पाने करपतात. शिवाय 10 किलो कळीचा चुना पूर्णपणे दगड झाल्यास सुमारे 18 किलो भरतो. जुना चुना वजनावर घेणारा शेतकरी हवेचे पैसे मोजतो!

चांगला खडा पाणी पडताच तापतो, फुलतो व भुगा होतो. चुन्यावर लिंबाचा रस टाकताच जोराने फेस आला, तर पुष्कळसा माल दगड झाला असे समजावे.

मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी भांड्यांत वेगवेगळे भिजवावेत, चुना गाळून घ्यावा, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळीत ओतावे. नंतर घासून लख्ख केलेल्या विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे अद्याप मोकळे आहे. त्या थराच्या बदल्यात विळ्याचे थोडे लोखंड द्रावणात उतरलेले असते. तेथेही हिशेब चुकत नाही, म्हणूनच हे मिश्रण लोखंडी पिंपात करू नये. थर दिसल्यास चुन्याची आणखी निवळी घालून पाते पुन्हा घासावे व पुन्हा बुडवावे. पाते स्वच्छ निघाले, म्हणजे फवारणीस हरकत नाही. मात्र मिश्रण त्याच दिवशी संपवावे.