बाळाच्या अंगावरचे लाल ठिपके



पारधी वस्तीवर बाळंतिणीला भेटायला गेले की मी आधी बाळाचे दुपटे बाजूला करून बघते. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले की आजी म्हणतात, "डास चावलेत, ताई." डासाची लाली बोटाने दाबली की क्षणभर फिकी पडते. हे ठिपके दाबूनही जात नाहीत, कारण ते कातडीखाली झिरपलेले रक्त असते.

रक्त थांबवण्याचे काम प्लेटलेट करतात. बाळाच्या रक्तात त्या दीड लाखाच्या वर हव्यात. जंतुसंसर्गाने त्या कमी होतात, म्हणून डॉक्टर तेही तपासतात. पण कधी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि त्याच्या प्लेटलेट नष्ट करतात. आईला आयटीपी किंवा ल्युपस असेल तर असे होते. मग बाळाचा आकडा दोन ते पाच दिवसांत सर्वांत खाली जातो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. दुसऱ्या प्रकारात आई ठणठणीत असते, पण बाळाने वडिलांकडून घेतलेला प्लेटलेटचा गट तिच्या शरीराला परका वाटतो. आरएच रक्तगटासारखेच हे, फक्त इथे पहिल्याच बाळाला त्रास होऊ शकतो. हा प्रकार दुर्मीळ आहे. यात आईचा काडीचाही दोष नाही. सासरी हे मला दोनदा सांगावे लागते.

भीती असते ती मेंदूत रक्तस्राव होण्याची. म्हणून ठिपके दिसले, नाळेतून रक्त आले, बाळ सुस्त झाले, तर त्याच दिवशी सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यावे. तिथे रक्ततपासणी आणि डोक्याची सोनोग्राफी करतात. आकडा फार खाली असेल तर प्लेटलेट चढवतात. दुसऱ्या प्रकारात बाळाशी जुळणाऱ्या प्लेटलेट लागतात. त्या आईच्याही धुऊन देता येतात. पण त्या मिळेपर्यंत बाळाला थांबवून ठेवत नाहीत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिनही देतात. ते दात्यांच्या रक्तद्रवातून बनते, म्हणून महाग. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आईची प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात आणि बाळ सावरते. तोवर बाराव्या दिवशी कान टोचू नयेत, जोराने मालिश नको आणि डागणे तर मुळीच नको.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या बाळाला त्रास अधिक होऊ शकतो. त्यासाठी आईला गरोदरपणातच इम्युनोग्लोब्युलिन देता येते, मात्र डॉक्टरांना आधीचे कळले पाहिजे. पालावर कागद टिकत नाहीत. आम्ही तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगतो.