ओळीवर बोट

सातवीच्या वर्गात मी ‘श्यामची आई’मधला एक प्रसंग वाचायला घेतला होता. आंघोळ झालेला छोटा श्याम हट्ट धरतो, ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने धोंड्यावर ओचे पसरावेत. आई पसरते. पुढे तीच त्याला सांगते, पायांना जपतोस तसे मनालाही जप. हा प्रसंग कशाविषयी आहे, या प्रश्नाला बहुतेकांनी ‘आईचे संस्कार’ असे उत्तर लिहिले. एका मुलीने लिहिले, ‘श्यामला वाईट वाटते आहे.’ मी तिचे गुण कापले. प्रसंगातला श्याम तर खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. आईचे लुगडे ओले झाल्याची आपल्याला तेव्हा पर्वा नव्हती, असे श्याम तिथे सांगतो. लहान श्यामला हे बोलताच आले नसते. बोलतो आहे तो मोठा श्याम, आश्रमातल्या मित्रांपुढे, रात्री. आणि ऐकायला आई उरलेली नाही. उपदेश आईचा आहे, पण कबुली मुलाची आहे. मी गुण परत दिले.

चूक माझ्या वाचनाची होती. उत्तर आधी ठरवून मी मजकुराकडे गेलो होतो. केंब्रिजमधले प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रिया ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात तपासल्या. त्यांना आढळलेल्या दोषांपैकी एक हाच होता: ठरीव प्रतिसाद. ‘आई’ म्हटले की ‘थोर’, पुढचे वाचायची गरजच नाही.

तेव्हापासून मी एक उतारा तीनदा वाचून घेतो. पहिल्यांदा मोठ्याने, पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्यांदा मुले फक्त क्रियापदांखाली रेघ ओढतात; कोण काय करते आणि कोण नुसते करवून घेते, हे त्यातून दिसते. तिसऱ्यांदा प्रश्न तीनच: कोण सांगते आहे, कोणाला, आणि घटनेनंतर किती काळाने? उत्तर कोणतेही चालते, अट एवढीच की ते ज्या ओळीतून सुचले तिच्यावर बोट ठेवता आले पाहिजे. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर मत कितीही सुंदर असो, ते बाजूला ठेवायचे.

यात वेळ जातो. एका पानाला तीन तासिका लागतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, ही सहकाऱ्यांची तक्रार खरी आहे. म्हणून सत्रात चारच उतारे असे वाचतो, बाकीचे नेहमीसारखे. पण त्या चारांनंतर मुले मलाही विचारू लागतात, ‘सर, हे कुठल्या ओळीत आहे?’ कधी कधी मला ती ओळ सापडत नाही.