आधी चोवीस काडेपेट्या

कनेरगाव नाक्यावर माझा संगणकाचा क्लास आहे. हिंगोलीकडची पोरं येतात, वाशीमकडचीही येतात. ‘सर, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम करू’ हा हट्ट दर बॅचला ठरलेला. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर जास्तच. मी त्यांना आधी २४ काडेपेट्या गोळा करायला लावतो.

या काडेपेट्यांचा खेळ मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली लिहिला. पट तीन बाय तीनचा, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी. सरळ एक घर चालायचं, तिरपं मारायचं. पलीकडच्या ओळीत पोचलात किंवा समोरच्याला चालच उरली नाही, तर जिंकलात. पटावरच्या प्रत्येक स्थितीची एक पेटी आणि शक्य असलेल्या प्रत्येक चालीचा एक रंगीत दाणा. आम्ही हरभरे शाईनं रंगवतो. पेट्यांची पाळी आली, की न बघता दाणा काढायचा आणि ती चाल खेळायची. पेट्या हरल्या, तर शेवटच्या चालीचा दाणा बाद. पेटी रिकामी पडली, तर तिथं हार मानायची आणि त्याआधीच्या चालीचा दाणा काढायचा. हळूहळू पेट्या हरेनाशा होतात आणि पोरं चिडतात. डोनाल्ड मिची यांनी १९६१ मध्ये फुल्ली-गोळ्यासाठी अशा ३०४ पेट्या मांडल्या होत्या.

खरी गोम इथंच आहे. निकाल शेवटी लागतो, पण चूक कुठं झाली? दोष एकेक पाऊल मागं न्यावा लागतो. न्यूरल नेटवर्कही हेच करतं, फक्त दाण्यांऐवजी आकडे हलवून.

फुल्ली-गोळ्याचं नेटवर्क अगदी लहान असतं. पटाची ९ घरं म्हणजे ९ आकडे: आपलं चिन्ह १, समोरच्याचं उणे १, रिकामं ०. मध्ये १८ पेशींचा थर, शेवटी एकच उत्तर: ही स्थिती किती चांगली? सगळी मिळून १९९ वजनं, म्हणजे हलवायचे आकडे. जुना लॅपटॉप पुरतो. (लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून वजनं मधूनमधून फाइलमध्ये साठवायची.) प्रोग्राम स्वतःशीच खेळतो आणि प्रत्येक स्थितीचा अंदाज पुढच्या स्थितीच्या अंदाजाकडे थोडा सरकवतो. आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी १९९० च्या दशकात याच रीतीनं बॅकगॅमन शिकवलं आणि नेटवर्क अव्वल खेळाडूंच्या तोडीला पोचलं. अधूनमधून मुद्दाम वाटेल ती चाल खेळू द्यावी लागते. नाहीतर तेच ते डाव गिरवले जातात.

फुल्ली-गोळ्यावर मी अडून बसतो, कारण तिथं कायदेशीर स्थिती ५,४७८ च आहेत. संगणक सगळे डाव शेवटपर्यंत तपासून बिनचूक उत्तर देतो, त्यामुळे आपलं नेटवर्क कुठं चुकतंय ते समोर दिसतं. बुद्धिबळात नवशिक्याला प्रोग्राम का हरला हेच कळत नाही.

मग नवकंकरी. २४ जागा, प्रत्येकाच्या ९ सोंगट्या, स्थिती अब्जावधी. पेट्या कुठून आणणार? नेटवर्क मात्र न पाहिलेल्या स्थितीचाही अंदाज बांधतं. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलंय. पोरांना तेवढं गाठायचं नाही, आजोबांना हरवलं तरी पुरे. अकरावीतल्या एका पोरीचा प्रोग्राम सुरुवातीलाच वेड्यासारखा खेळायचा. पटावरचे २४ आकडे तिनं दिले होते, पण मांडायच्या किती सोंगट्या अजून हातात आहेत, हे नेटवर्कला सांगितलंच नव्हतं. तिनं आणखी २ आकडे जोडलेत, आता सगळं पहिल्यापासून शिकवणं चाललंय.